दुसरा मॉनिटर मधूनच काळा पडतो? आधी वही काढा, मग पाकीट

महिन्याची १९ तारीख. डाव्या स्क्रीनवर जीएसटीचं पोर्टल, उजव्या स्क्रीनवर एक्सेलमध्ये खरेदी-विक्री, आणि मी आकडे जुळवत बसलेली. तेवढ्यात उजवा मॉनिटर काळा. दोन सेकंद काहीच नाही, मग चित्र परत हजर, जणू काही झालंच नाही. दिवसातून चार-पाच वेळा असं व्हायला लागलं तेव्हा मी तेच केलं जे सगळे करतात. केबल दोन्हीकडून उपसली, फुंकर मारली, घट्ट बसवली. फरक पडेना, म्हणून दुसऱ्या दिवशी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन नवी केबल आणली. तरी तेच. मग तिप्पट किमतीची आणली. तरी तेच.

कारण कुठे सापडलं ते ओघात येईलच. पण तोवर घरात तीन केबली जमा झाल्या होत्या आणि त्या काळात मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं की मॉनिटर नेमका जातो कधी आणि कसा. तुमचे ते पैसे वाचावेत म्हणून हा लेख. माझं काम विंडोजवर चालतं, त्यामुळे सेटिंग्ज विंडोजच्या आहेत. मॅकवाल्यांसाठी जिथे गोष्ट वेगळी आहे तिथे तसं लिहिलंय.

काळा, पण कसा काळा?

'स्क्रीन जाते' या तक्रारीत कमीत कमी चार वेगळे आजार दडलेले असतात. पुढच्या वेळी स्क्रीन गेली की हात केबलकडे नेण्याआधी क्षणभर पाहा.

मॉनिटरचा छोटा दिवासुद्धा विझला का? विझला असेल तर सिग्नलचा प्रश्नच नाही, वीज पोचत नाहीये. मागची पॉवर केबल, अडॅप्टरची गोल पिन, एक्स्टेंशन बोर्डचं ढिलं सॉकेट, हे तपासा. एक्स्टेंशन बोर्डमध्ये पिन हलवली की ठिणगीचा बारीक आवाज येत असेल तर तो बोर्ड आजच बदला, मॉनिटरचं नंतर बघू.

दिवा चालू, स्क्रीन काळी, पण 'नो सिग्नल' वगैरे काही येत नाही? खोलीतला लाइट बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून स्क्रीनच्या अगदी जवळून पाहा. विंडोंच्या पुसट आकृत्या दिसल्या तर चित्र येतंय, मागचा प्रकाश म्हणजे बॅकलाइट गेलाय. हा मॉनिटरच्या आतला बिघाड. केबली बदलून उपयोग नाही, थेट शेवटच्या भागाकडे जा.

उजव्या स्क्रीनवरच्या सगळ्या विंडो उडी मारून डाव्या स्क्रीनवर येतात का? बहुधा जोडीला यूएसबी काढल्यासारखा 'टुडुंग' आवाजही येतो. याचा अर्थ कॉम्प्युटरच्या लेखी मॉनिटर चक्क उपटला गेला. एचडीएमआय या मॉनिटरच्या नेहमीच्या केबलच्या १९ पिनांपैकी शेवटची, १९ नंबरची पिन मुख्यतः एवढंच सांगायला असते की 'मी इथे आहे'. त्या एका पिनेवरचा व्होल्टेज क्षणभर पडला तरी कॉम्प्युटर मॉनिटर गेला असं धरून चालतो. विंडो जागच्या जागी राहिल्या आणि चित्र एक-दोन सेकंदांत परत आलं, तर जोडणी शाबूत आहे, फक्त वाहणारा डेटा मध्येच बिघडला.

आणि दोन्ही स्क्रीन एकदम काळ्या पडत असतील तर दुसऱ्या मॉनिटरला उगाच दोष देऊ नका. ते बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरचं, म्हणजे स्क्रीनवर चित्र पाठवणाऱ्या प्रोग्रामचं काम.

एक अपवाद इथेच सांगते. गेम सुरू करताना, एचडीआर (चित्राची चमक आणि रंग वाढवणारं सेटिंग) चालू-बंद करताना किंवा कॉपी-संरक्षण असलेला सिनेमा लावताना स्क्रीन सेकंदभर काळी होणं हे नेहमीचं आहे. मॉनिटर आणि कॉम्प्युटर तेव्हा नव्याने ओळखपाळख करतात. दर वेळी फक्त तेव्हाच होत असेल तर सोडून द्या.

वहीतल्या चार ओळी

तीन दिवस वही जवळ ठेवा. स्क्रीन गेली की वेळ लिहा, वरच्यापैकी कोणता प्रकार होता ते लिहा, आणि त्या क्षणी घरात काय चाललं होतं तेही. माझ्या वहीतला एक दिवस असा:

११:१०. २ सेकंद. विंडो जागेवर. चहा आणायला निघाले.
१:२५. तसंच. जेवायला.
४:०५. तसंच. बेल वाजली, कुरिअर.
६:४०. तसंच. आईचा फोन, गॅलरीत गेले.

मी हे चार वेळा वाचलं तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तुमच्या पडला असेल.

सर्वसाधारणपणे काय शोधायचं? फ्रीजचा कंप्रेसर, पाण्याची मोटर, मिक्सर, लिफ्ट. टेबलाला धक्का लागला का. लॅपटॉपचा चार्जर काढला का. मशीन सुरू करून पंधरा-वीस मिनिटांनीच होतं का (मग तापण्याशी संबंध असू शकतो). स्लीपमधून उठल्यावरच होतं का.

अदलाबदल: दोष कुणाच्या मागे जातो?

दोन मॉनिटर असण्याचा हा फायदा. चाचणीची प्रयोगशाळा टेबलावरच असते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलल्यावर निदान अर्धा दिवस थांबायचं. जो बिघाड दिवसातून चार वेळा येतो तो दहा मिनिटांत आला नाही म्हणून 'झालं ठीक' म्हणणं म्हणजे आपलीच फसवणूक.

पहिली पायरी: दोन्ही केबली कॉम्प्युटरच्या बाजूला जशा आहेत तशाच ठेवा, फक्त मॉनिटरच्या बाजूला एकमेकींत बदला. (दोन्ही मॉनिटरना एकाच प्रकारचं सॉकेट हवं, हे उघड आहे.) आता पूर्वीचाच मॉनिटर काळा पडला तर दोष त्या मॉनिटरचा, त्याच्या सेटिंगचा किंवा त्याच्या विजेचा. आतापर्यंत ठणठणीत असलेला मॉनिटर काळा पडू लागला तर दोष केबलमध्ये किंवा कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये.

दुसरी पायरी, दोष केबल-पोर्टकडे गेला असेल तरच: आता कॉम्प्युटरच्या बाजूलाही केबली बदला. त्रास त्याच मॉनिटरवर राहिला तर केबल. त्रास परत पहिल्या मॉनिटरकडे गेला तर पोर्ट.

दोन्ही मॉनिटर सारखे नसतील तर थोडं सावध राहा. एक फुल एचडी आणि दुसरा फोर-के (चौपट ठिपक्यांचा) असेल तर फुल एचडीवर केबल नीट चालली यावरून ती फोर-केला चालेलच असं नाही. त्याचं कारण पुढे.

डेस्कटॉपवाल्यांनी मागे एकदा वाकून बघा. एक केबल ग्राफिक्स कार्डाला आणि दुसरी मदरबोर्डला लावलेली असते, असं फार घरांत दिसतं. चालतं, पण मग दोन वेगवेगळे ग्राफिक्स, दोन ड्रायव्हर, दुप्पट कटकट. कार्डावर जागा असेल तर दोन्ही कार्डालाच लावा. आणि कार्ड आपल्या वजनाने खाली झुकलंय का तेही पाहा. मशीन बंद करून, प्लग काढून, कार्ड एकदा काढून पुन्हा नीट बसवल्याने बरे झालेले मॉनिटर मी पाहिलेत.

केबल: दुकानदार काय सांगतो आणि खोक्यावर काय असतं

फुल एचडी चित्र ६० हर्ट्‌झने (म्हणजे सेकंदाला ६० वेळा) पाठवायला एचडीएमआयवरून सेकंदाला साधारण ४.५ गिगाबिट डेटा जातो. तेच फोर-के ६० हर्ट्‌झला जवळपास १८ गिगाबिट लागतात, म्हणजे चौपट. केबल सुमार असली की फुल एचडीला ती निभावून नेते, फोर-केला धापा टाकते. आणि धापा टाकते म्हणजे चित्र अंधुक होत नाही. डिजिटलचं तसं नसतं. आधी कुठेतरी पांढरे-रंगीत ठिपके चमकतात, आडव्या रेघा येतात, आणि चुका फार झाल्या की स्क्रीन काळी.

म्हणून सगळ्यात स्वस्त चाचणी, खर्च शून्य: सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, तिथून ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. वर त्रास देणारा मॉनिटर निवडा आणि रिफ्रेश रेट कमी करा. १४४ असेल तर ६०, फोर-केला ६० असेल तर ३०. एचडीआर चालू असेल तर बंद. एक दिवस असंच काम करा. त्रास थांबला तर केबल, अडॅप्टर किंवा एक्स्टेन्शन जोड यांपैकी काहीतरी तोकडं पडतंय, यात फारशी शंका नाही.

'ही २.१ची केबल आहे, मॅडम' हे वाक्य काउंटरवर हमखास ऐकू येतं. केबलींचे अधिकृत वर्ग अशा आवृत्तीच्या आकड्यांनी नव्हे, नावांनी ओळखले जातात. 'हाय स्पीड' म्हणजे १०.२ गिगाबिटपर्यंत, 'प्रीमियम हाय स्पीड' म्हणजे १८, आणि 'अल्ट्रा हाय स्पीड' म्हणजे ४८. प्रीमियम आणि अल्ट्रा या दोन वर्गांच्या खोक्यावर मोबाइलने स्कॅन करता येईल असं प्रमाणपत्राचं लेबल असतं. फोर-के मॉनिटर असेल तर लेबल बघून घ्या. फुल एचडी असेल तर साधी चांगली केबल पुरते, सोन्याचा मुलामा वगैरेचे जादा पैसे देऊ नका.

लांबी मात्र सगळ्यांनाच महत्त्वाची. टेबलावर दीड मीटर पुरत असताना 'असू दे थोडी जास्त' म्हणून पाच मीटर घेऊन तिचं वेटोळं करून ठेवू नका.

डिस्प्लेपोर्ट ही एचडीएमआयसारखीच दुसरी जोडणी, तिची एक वेगळी गंमत आहे. त्यात २० पिना असतात आणि विसाव्या पिनेवर ३.३ व्होल्ट असतात, छोट्या अडॅप्टरना वीज मिळावी म्हणून. कॉम्प्युटर ते मॉनिटर अशा साध्या केबलीत ही पिन जोडलेली नसावी, असं मानक आहे. स्वस्त केबलींत काही जण ती जोडून टाकतात. मग मॉनिटरची वीज उलटी कार्डात शिरते, आणि मशीन सुरूच न होणं, मॉनिटर झोपेतून न उठणं, असे चमत्कारिक प्रकार दिसतात. कॉम्प्युटर पूर्ण बंद असतानाही कार्डावरचा एखादा दिवा मिणमिणत असेल तर ही शंका घ्या.

पोर्टांकडेही बघा. मुंबईच्या किंवा कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत पितळी-सोनेरी भाग काळवंडतात. सगळं बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावलेल्या बिनधाग्याच्या कापडाने प्लगचं टोक पुसा, पूर्ण वाळू द्या. पोर्टमध्ये टाचणी घालू नका. आणि मॉनिटर वर-खाली होणाऱ्या स्टँडच्या आर्मला लावलेला असेल तर तो पूर्ण वर नेऊन पाहा, केबल ताणली जाते का. डिस्प्लेपोर्टला खटका असतो म्हणून ती निसटत नाही. एचडीएमआयला काहीच नसतं, ती स्वतःच्या वजनाने हळूहळू बाहेर येते.

अडॅप्टर, टाइप-सी आणि डॉक

मध्ये जेवढे जोड कमी तेवढं बरं, म्हणून चाचणीपुरते सगळे काढून थेट केबल लावून पाहा.

डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय असा अडॅप्टर एकाच दिशेने चालतो. लॅपटॉपला एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर उलट्या दिशेचा, बहुधा यूएसबीतून वीज घेणारा अडॅप्टर लागतो. तो वेगळा आणि महाग असतो.

टाइप-सीची प्रत्येक केबल चित्र नेत नाही. मोबाइल चार्जरसोबत येते ती बहुतेकदा नाहीच नेत. आणि लॅपटॉपचं प्रत्येक टाइप-सी पोर्टही चित्र देत नाही. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं चिन्ह किंवा थंडरबोल्टचं कडाडत्या विजेचं चिन्ह आहे का बघा.

डॉक (लॅपटॉपच्या एका पोर्टातून अनेक सॉकेटं देणारा डबा) वापरत असाल तर हात लावून बघा, किती तापतोय. लॅपटॉपच्या खाली सरकवून ठेवला असेल तर बाहेर काढा. डॉकला स्वतःचा चार्जर लावण्याची सोय असेल तर लावाच. काही डॉक चित्र यूएसबीमधून, डिस्प्लेलिंक नावाच्या ड्रायव्हरच्या मदतीने पाठवतात. त्यांच्याबाबतीत डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या प्रॉपर्टीजमधला, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारा टिकमार्क काढा आणि ड्रायव्हर नवा घाला.

मॅकवाल्यांनो, साध्या एम-१ किंवा एम-२ चिपचा मॅकबुक बाहेरचा एकच मॉनिटर चालवतो. दोन लावायचे तर डिस्प्लेलिंकसारखीच सोय करावी लागते. एका टाइप-सीतून दोन एचडीएमआय देणारे सर्वसाधारण हब मॅकवर दोन्ही मॉनिटरना एकच चित्र देतात. तो बिघाड नाही.

मॉनिटरचा आणि विंडोजचा मेनू

मॉनिटरच्या बटणांनी मेनू उघडा. 'ऑटो सोर्स' किंवा 'ऑटो इनपुट' असेल तर बंद करा आणि जे सॉकेट वापरताय तेच ठरवून द्या. सिग्नल क्षणभर डळमळला की ऑटोवाला मॉनिटर बाकीची सॉकेटं धुंडाळायला निघतो आणि दोन सेकंदांचं काम दहावर नेतो. 'डीप स्लीप' आणि इको प्रकारची सेटिंग्ज बंद करा, विशेषतः झोपेतून उठल्यावर 'नो सिग्नल' येत असेल तर. फ्रीसिंक किंवा ॲडाप्टिव्ह सिंक (रिफ्रेश रेट आपोआप बदलत ठेवणारं सेटिंग) एक दिवस बंद ठेवून पाहा.

स्क्रीन काळी असताना विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. एक बीप येते, ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. लगेच चित्र परत आलं तर ड्रायव्हरकडे बोट. पुरावा हवा असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम उघडा आणि वहीतल्या वेळेशी ताडून ४१०१ क्रमांकाची नोंद शोधा. ग्राफिक्सने ठरलेल्या वेळेत (मूळ सेटिंगप्रमाणे २ सेकंद) उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने ड्रायव्हर पुन्हा सुरू केला, असा तिचा अर्थ.

त्रास विंडोज अपडेटनंतर सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमधून 'रोल बॅक ड्रायव्हर' करा. नाहीतर कार्डाच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर घ्या. पॉवर ऑप्शन्समध्ये पीसीआय एक्स्प्रेसखाली 'लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट' असतं, तेही ऑफ करून पाहा.

बिघाड सापडेपर्यंत निदान चिडचिड कमी करायची असेल तर: विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या मल्टिपल डिस्प्लेज भागात विंडोंच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे. तो चालू ठेवा, स्क्रीन परत आली की विंडो आपापल्या घरी जातात.

वीज, अर्थिंग आणि माझी खुर्ची

मोटर, फ्रीज, जुन्या चोकची ट्यूब, या सगळ्यांच्या चालू-बंद होण्याने वायरिंगमध्ये झटका उठतो. अर्थिंग नीट असेल तर निम्मी कटकट तिथेच मिटते. पण आपण काय करतो? तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खुपसतो आणि अर्थिंगची जाड पिन हवेत लोंबकळत ठेवतो. लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर हात फिरवताना झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग पोचत नाहीये असं समजा आणि इलेक्ट्रिशियनला सॉकेट मीटरने तपासायला सांगा. कॉम्प्युटर आणि दोन्ही मॉनिटर एकाच चांगल्या बोर्डवर घ्या, फ्रीज-मिक्सर दुसऱ्या सॉकेटवर.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर जाताना मॉनिटर मिटत असेल तर इन्व्हर्टरच्या मागे बघा. अनेकांवर 'यूपीएस मोड'चा स्विच असतो. त्या मोडमध्ये बदल लवकर होतो.

माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. अर्थिंग ठीक, फ्रीज दुसऱ्या खोलीत. अदलाबदलीत दोष केबलच्या मागे जात होता, पण नव्या केबलीही तशाच वागत होत्या. भाचा आला होता, तो खुर्चीत बसून उगाच उठ-बस करत होता. तिसऱ्या-चौथ्या वेळी मॉनिटर काळा. "मावशी, मी काही नाही केलं!"

त्याला म्हटलं, परत कर. वीस वेळा उठवला-बसवला. तीनदा स्क्रीन गेली. मग वही उघडली: चहा, जेवण, कुरिअर, गॅलरी. चारही वेळा मी खुर्चीतून उठले होते.

गॅसच्या नळकांड्यावर वर-खाली होणाऱ्या ऑफिसच्या खुर्चीत उठता-बसताना स्थिर वीज साठते आणि धातूच्या भागांमधून झटकन मोकळी होते. त्या ठिणगीतून निघणारा विद्युत-चुंबकीय झटका जवळची व्हिडिओ केबल पकडते. ही माझी कल्पना नाही, डिस्प्लेलिंक कंपनीनेच आपल्या मदतीच्या पानावर हे लिहून ठेवलंय. हवा कोरडी असली की त्रास जास्त. माझं दुखणं डिसेंबरातच सुरू झालं होतं. आणि माझ्या तिन्ही केबली तीन-तीन मीटरच्या, टेबलाखालून थेट खुर्चीच्या पायांजवळून गेलेल्या. केबल बदलत होते, तिची वाट तीच होती.

उपाय: दीड मीटरची, चांगलं आवरण असलेली केबल, टेबलाच्या मागच्या काठाने नेलेली, आणि दोन्ही टोकांना असे झटके शोषणारा फेराइटचा क्लिपवाला काळा गोळा. खुर्चीखालचं सिंथेटिक कार्पेटही काढलं.

तरीही मॉनिटरच दोषी निघाला तर

दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून तिथेही तोच त्रास होतो हे आधी पाहून घ्या, कारण फोनवर पहिला प्रश्न तोच येतो. बिल, मागच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर आणि वहीतल्या नोंदींचा फोटो तक्रारीसोबत द्या. इंजिनिअर घरी येतो तेव्हा मॉनिटर हमखास शहाण्यासारखा वागतो, म्हणून बिघाड होताना मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, त्यात मॉनिटरचा दिवा आणि घड्याळ दोन्ही दिसू द्या. स्वतः मागचं झाकण उघडू नका. वॉरंटी जाते ती जातेच, आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज राहते. आणि सर्व्हिस सेंटरला पाठवायचा झाला तर मूळ खोकं, आतल्या थर्माकोलसकट, लागतं. माझं माळ्यावर आहे, आकाशकंदिलाच्या शेजारी.